कोणाचा रे तू?

सर्वपित्री अमावास्या. लालबागच्या रस्त्यावरचे मंडप अजून पुरते उतरलेले नाहीत. कापड गेलंय, बांबूंचा सांगाडा उभा आहे. तुम्ही भारतमाता सिनेमाच्या सिग्नलपाशी उतरता, उड्डाणपुलाखालून पलीकडे जाता आणि एका जुन्या चाळीच्या जिन्यात शिरता. कठड्याचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत केळीचं पान मांडलंय. भात, वरण, अळूचं फदफदं, गवारीची भाजी, खीर, वडे. पान मांडणारी बाई "काव, काव" करून हाका मारतेय. कावळा समोरच्या पत्र्यावर बसलाय. मान वाकडी करून बघतो, पण येत नाही.

तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा विचारतो, "आजच का जेवायला घालायचं?"

ती कावळ्यावरची नजर न काढता सांगते. कर्ण मेल्यावर वर गेला. तिथं त्याला जेवायला बसवलं, तर ताटात सोनं. भात सोन्याचा, भाजी सोन्याची. तो म्हणाला, हे खाऊ कसं? तर देव म्हणाले, जन्मभर तू सोनं दिलंस, तेच तुला मिळणार. पितरांच्या नावानं घासभर अन्न कधी दिलं नाहीस. कर्ण म्हणाला, माझे पितर कोण हेच मला कुणी सांगितलं नाही, देऊ कुणाच्या नावानं? मग देवांनी त्याला पंधरा दिवस खाली पाठवलं. जा, जेवू घालून ये. तेच हे पंधरा दिवस.

व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. ती लोकांनी रचली आहे, आणि कर्णाचं दुखणं लोकांनी किती अचूक ओळखलं होतं हे तिच्यात दिसतं. दान करायला हात सढळ होता. कोणाच्या नावानं करायचं ते नाव मात्र त्याच्यापाशी नव्हतं.

इतक्यात भोंगा होतो. आता लालबागात भोंगा कुठला, असं तुमच्या मनात येतं, पण जिन्यात पावलांची धावाधाव सुरू झालेली असते आणि तुम्ही त्या लोंढ्याबरोबर खाली ढकलले जाता. कठडा हाताला खरखरीत लागतो. रंधा नुकताच फिरलेला. खाली उतरता तेव्हा उड्डाणपूल नाही. घोड्याच्या लिदीचा, कोळशाच्या धुराचा आणि ओल्या कापसाचा वास आहे. साल 1928, उन्हाळ्याची सुरुवात.

गिरणीच्या फाटकाशी रांग लागलीय. माणसं भरणारा जॉबर एकेकाला न्याहाळतो आणि एकच प्रश्न करतो. कुणाला घाटावरच्या बोलीत, "कोणाचा रे तू?" कुणाला मालवणीत, "कोणाचो रे तू? तुझो गाव खंयचो?" काम येतं का, हे नंतर. आधी गाव, मग भावकी, मग जात. ओळखीच्या माणसाचा माणूस असेल तर बदली कामगारांत नाव लागतं.

तुमच्या पुढे एक तरुण उभा आहे. खांदे रुंद, नजर सरळ. मागावर काम करता येतं म्हणतो. जॉबर त्याचं गाव ऐकतो, आडनाव ऐकतो, आणि हात झटकतो. "साळखात्यात नाही. तिकडं रिंगवर जा."

तुम्ही साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शिरता. मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. अंगातला सदरा पाच मिनिटांत चिकटतो. कापसाचे तंतू पापण्यांवर बसतात. एका मागाशी जाऊन नीट बघा. कांडी संपली. विणकर धोटा बाहेर काढतो, रिकामी कांडी फेकतो, भरलेली बसवतो. मग धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सुताचं टोक भोकातून त्याच्या तोंडात येतं. तो ते बोटांनी धरतो, धोटा मागात सोडतो. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. दिवसभरात असं किती वेळा होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ लागतात.

त्या तरुणाला इथं का घेत नाहीत, ते आता कळलं असेल. एका धोट्याला त्याचेही ओठ लागतील, म्हणून. साळखात्यात पगार जास्त, आणि अस्पृश्य मानलेल्यांना दार बंद. तेही कोणी मालकानं घातलेल्या नियमानं नव्हे. शेजारी घाम गाळणाऱ्या कामगारांच्याच विटाळानं.

संस्कृतातला सूत म्हणजे सारथी आणि आपल्या बोलीतलं सूत म्हणजे धागा. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी. पण परळच्या या खात्यात उभं राहिलं की ते एकमेकांत गुंतल्याशिवाय राहत नाहीत. सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या त्या योद्ध्याला आपल्यात घेणारी एवढी माणसं एका जागी कुठं होती, तर या सूतगिरण्यांच्या गावात. आणि त्याला हाकलणारी माणसंही त्याच गावात, त्याच खात्यात होती. हे मला लपवायचं नाही.

बाहेर पडा. चालत दामोदर हॉलपर्यंत या. नारायण मल्हार जोशींनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिचं हे सभागृह, 1922 सालचं. 9 मार्च 1924 ला इथंच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. ते राहतातही जवळच, पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत. आता एप्रिलअखेर संप सुरू होईल. दीड लाखांच्या आसपास कामगार ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहतील. त्या संपात आंबेडकर विचारतील की तुमच्या मागण्यांत साळखात्याचं दार आमच्या माणसांना उघडण्याची मागणी आहे का? लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, पुढाऱ्यांना हा प्रश्न अवघड जाईल. पण तो विचारला जाईल.

गिरणीच्या फाटकावर घडलं तेच हस्तिनापूरच्या रंगभूमीवर घडलं होतं. आदिपर्वातला तो प्रसंग आठवा. अर्जुनानं करून दाखवलं ते सगळं कर्णानं करून दाखवलं, आणि द्वंद्वाला उभा राहिला. तेव्हा कृपाचार्य पुढे आले आणि त्यांनी आई कोण, बाप कोण, कुळ कोणतं ते विचारलं. कर्णाची मान खाली गेली. दुर्योधनानं तिथल्या तिथं त्याला अंगदेशाचा अभिषेक केला. आणि नेमका तेव्हाच म्हातारा अधिरथ काठी टेकत, घामाघूम, उपरणं घसरलेलं, असा आत आला. नव्या राजानं धनुष्य खाली ठेवलं आणि अभिषेकानं ओलं झालेलं डोकं सारथ्याच्या पायांवर टेकलं. अधिरथ इतका संकोचला की त्यानं वस्त्राच्या टोकानं आपले पाय झाकून घेतले. भीम म्हणाला, तुला चाबूकच शोभतो.

वस्त्राच्या टोकानं पाय झाकणारा बाप. व्यासांनी एका ओळीत लिहिलेलं हे चित्र. गिरणगावात ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाळी सुटल्यावर केसांत कापूस घेऊन मुलाच्या शाळेच्या दारात उभा राहिलेला, मुलाच्या मास्तरांसमोर पायांतल्या फाटक्या वहाणा मागे सरकवणारा बाप इथं घरोघरी होता.

दामोदरच्या दारातून आत जा आणि तीस वर्षं पुढे या. रात्रीचे अकरा वाजून गेलेत. सिंधुदुर्ग हा जिल्हा अजून व्हायचाय; सगळे स्वतःला रत्नागिरीकर म्हणवतात, पण बोली ऐकून कुणकेश्वरकडचा कोण आणि वेंगुर्ल्याकडचा कोण हे तुम्हाला सहज कळेल. आज दशावतार आहे. रंगमंचावर सजावट म्हणाल तर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच घर. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एका कडेला. आत नट स्वतःच आरशात बघून चेहरा रंगवतायत. राजपार्टी करणारा आहे, स्त्रीपार्टी करणारा आहे, आणि कुणाच्याही हातात लिहिलेलं नाटक नाही. आख्यान ठरलेलं, बाकी सगळं बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं.

कर्ण प्रवेश करतो. बाकड्यावर पाय ठेवतो, छाती पुढे काढतो, पखवाजाच्या बोलावर दोन फेऱ्या मारतो. आत मालवणीत बोलणारा हा माणूस राजपार्ट अंगावर घेतला की एकदम ग्रंथातली मराठी बोलायला लागतो. तुमच्या शेजारचा कामगार, दिवसपाळी करून थेट इथं आलेला, डबा मांडीवर ठेवून बसलाय. झोपेनं डोळे लाल. पण मिटत नाहीत.

शेवटाकडे या. रथाचं चाक रुतलं, बाण लागला, कर्ण पडला. बाकड्याला पाठ टेकून बसलाय. तेवढ्यात ब्राह्मणाच्या वेशात कृष्ण येतो आणि सोनं मागतो. कर्ण अंगावर चाचपतो. काही उरलेलं नाही. मग हसतो. दाताला सोनं आहे! शेजारी पडलेला दगड उचलतो, तोंडावर मारतो. झांज कडाडते. तो ओंजळ पुढे करतो. ब्राह्मण म्हणतो, रक्तानं उष्टं झालेलं दान मी घेणार नाही. कर्ण पडल्या पडल्या जमिनीत बाण मारतो, पाणी वर येतं, दात धुऊन देतो.

ही गोष्टही व्यासांची नाही. पण सभागृहात हुंदके ऐका. तुमच्या शेजारचा माणूस डब्याच्या झाकणावर बोटं आवळून बसलाय. मग तो उठतो, खिशातून नोट काढतो आणि रंगमंचाजवळ जाऊन नटाच्या हातात देतो. त्याच्या पगाराचं काय चाललंय, घरी मनिऑर्डर गेली की नाही, हे विचारायला जाऊ नका. कर्णाच्या समोर बसून हात आखडता घ्यायचा नाही, एवढंच त्याला कळतं.

आणि तरी द्यूतसभेतला कर्णही तोच, हे इथं कुणी काढत नाही. भर सभेत द्रौपदीला त्यानं जे म्हटलं ते अक्षम्य होतं. त्याचं दुःख मोठं होतं म्हणून ते बोल लहान होत नाहीत. मी जेव्हा जेव्हा कर्णावर लिहायला बसतो तेव्हा तिथं अडतो, आणि अडायलाच हवं असं मला वाटतं.

इथून गिरगाव दूर नाही. तिथला कर्ण जरा वेगळा, पांढरपेशा. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, आणि 1953 मध्ये वि. वा. शिरवाडकरांचं 'कौंतेय'. त्या नाटकात काम केलेल्या दुर्गा खोटे गिरगावातल्याच, कांदेवाडीतल्या लाडांच्या मोठ्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या. भालजी पेंढारकरांच्या 1944 च्या 'महारथी कर्ण'मध्येही त्या होत्या; तिथं कर्ण होता पृथ्वीराज कपूर. शिरवाडकरांनी नाव काय ठेवलं बघा. राधेय नाही, कौंतेय. ज्या आईनं युद्ध दारात येईपर्यंत हाक मारली नाही, तिचं नाव.

दादरला थांबा, पण पुस्तकापुरते. 1966 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. जवळजवळ अर्धशतक पोथ्या ताडून पाहून मागाहून घुसलेला मजकूर बाजूला काढला. आणि पुढच्याच वर्षी मराठीत दोन पुस्तकं आली. इरावती कर्व्यांचं 'युगान्त', कर्णाला कठोरपणे तपासणारं. आणि आजऱ्याच्या, जेमतेम सत्तावीस वर्षांच्या शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय', कर्णाला उराशी धरणारं. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, सहा जण आपापली बाजू सांगतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा आणि दोन्ही पुस्तकं मागा. मला दोन्ही लागतात. पण लालबागच्या खोल्यांतून, बारा-पंधरा माणसं पाळीपाळीनं झोपणाऱ्या गाळ्यांतून, हातोहात फिरलं ते 'मृत्युंजय'च. पानांच्या कोपऱ्यांवर तेलाचे डाग असलेलं.

आता परत त्या चाळीत चला. तोच जिना, कठडा आता हाताला बराच मऊ लागतो. सप्टेंबर 1982. आजही सर्वपित्रीच. भोंगा नाही. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्याला आठ महिने झालेत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आहेत. चाळीत दुपारी इतकी माणसं घरात असण्याची सवय कुणालाच नाही. पुरुष गॅलरीत उकिडवे बसलेत आणि एकमेकांकडे बघायचं टाळतायत. बरेच गावी गेले. गावी जमीन नाही ते राहिले.

तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत खानावळ आहे. बाई चुलाण्यापुढे बसून भाकऱ्या थापतेय. तिच्याकडे चौदा माणसं जेवतात. महिन्याच्या महिन्याला पैसे चुकते करायचे, असा रिवाज. आठ महिन्यांत कुणी दिलेले नाहीत. भिंतीला खिळ्यावर वही टांगलीय. ती उघडून बघा. नावं नाहीत. "कणकवलीचा उंच." "रात्रपाळीचा." "चष्मेवाला." "त्याचा भाऊ." समोर उभ्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे बांधलेल्या. एक रेघ म्हणजे एक जेवण. पानं उलटत जा, रेघा संपत नाहीत.

आता तिच्या कानांकडे बघा. कुड्यांच्या जागी कडुनिंबाच्या काड्या आहेत. भोकं बुजू नयेत म्हणून.

तिनं कुड्या मोडल्या नाहीत, गहाण टाकल्या. तांदूळ आणला. कधी सोडवणार हे तिला ठाऊक नाही. भाकरी थापताना काडी गालाला लागते, बाई ती मनगटानं सरकवते आणि पुढची भाकरी तव्यावर टाकते.

तुम्हाला वनपर्व आठवलं असेल. इंद्र येणार, कवचकुंडलं मागणार, देऊ नकोस, असं सूर्यानं स्वप्नात येऊन कर्णाला सांगितलं होतं. कर्णानं दिली. पण बदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतली, आणि कीर्तीही मागे राहावी ही इच्छा त्यानं लपवली नाही. या बाईनं काय मागितलं? माणसं मजुरी करून परत आली की हळूहळू पैसे फेडतील, एवढी आशा. ती फोल ठरणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. संप कुणी मागे घेतल्याची घोषणा कधी होणारच नाही. कितीतरी गिरण्या तशाच थांबतील. कर्णाचं चाक निदान एका जागी रुतलं. इथं हजारो मागांची चाकं रुतली आणि बाहेर काढायला कुणी थांबलं नाही.

तिला सांगू नका. सांगून काय होणार? चूल पेटती राहू द्या.

खालच्या मजल्यावरच्या बाईची मात्र एक सोय झालीय. 1973 च्या संपातही या खानावळवाल्यांनी असंच उधारीवर जेवू घातलं होतं, आणि सावकाराच्या व्याजात त्या बुडाल्या होत्या. ते पाहून प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पोळपाट-लाटणं हेच तारण असलेल्या बाया बँकेत गेल्या, अंगठा उठवून आल्या. पण सगळ्याच तिथवर पोचल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची पोचली नाही.

दारात एक पोरगेला माणूस येऊन उभा राहतो. नवा आहे, वहीत नाही. कुठल्या तरी गिरणीत बदलीवर होता. आत यायचं की नाही, या विचारात उंबऱ्याशी घुटमळतो. या खानावळीही गावागावाच्या, जातीजातीच्या असतात, हे त्याला माहीत आहे. तो प्रश्न आता येणार म्हणून त्याची मान आधीच खाली गेलीय.

बाई भाकरी उलटते. विचारते, "जेवलास?"

तो मान हलवतो. ती पुढ्यातलं ताट त्याच्याकडे सरकवते. भाकरी, बटाट्याचा पातळ रस्सा, मिठाची चिमूट. तो जेवून गेल्यावर ती वही काढते, नव्या ओळीवर लिहिते, "दारातला". पुढे एक रेघ ओढते.

गॅलरीत या. कठडा पुन्हा गुळगुळीत झालाय, उड्डाणपुलावर गाड्या धावतायत. दामोदरचं दार 1 नोव्हेंबर 2023 ला बंद झालं. केळीचं पान तसंच मांडलेलं, कावळा तसाच पत्र्यावर. तो का येत नाही याचं कारण घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं: गेलेल्या माणसाचं काही मागे अडकलेलं असतं, ते सांगावं लागतं. बाई पानाजवळ जाते. हात जोडते. हलक्या आवाजात म्हणते, "आजी, त्या वहीतलं आम्ही कुणाकडं मागणार नाही. वही जपून ठेवलीय."

कावळा पत्र्यावरून कठड्यावर येतो. आधी वडा उचलतो.

मुलगा टाळ्या पिटतो. बाई वळते, तेव्हा कुठं तिला तुम्ही दिसता. कोण, कुठले, कुणाकडे आलात, काही नाही. "उन्हाचं आलात, बसा," म्हणते आणि आतून एक पान आणून तुमच्यापुढे मांडते. पानावर पाणी शिंपडते. कोपऱ्यात मीठ वाढते, मग खीर.